आवडत्या पुस्तकातली राहून गेलेली गोष्ट

लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ १९३५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांची मुलं त्यातल्या वडिलांबरोबर कॅन्ससच्या गवताळ माळावर ओंडक्यांचं घर बांधत आली आहेत. वडील खिळ्यांवाचून, लाकडाच्या खुंट्या ठोकून दार तयार करतात. ते दार पहिल्यांदा लागतं, तेव्हा वाचणाऱ्या मुलालाही वाटतं, आता कसलीच भीती नाही.

मोठेपणी हे पुस्तक पुन्हा वाचावं, आणि या वेळी इतिहासही सोबत घ्यावा. ते घर इंडिपेंडन्स गावापासून ४० मैलांवर होतं, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात अंतर होतं साधारण १३ मैल. १८७० च्या जनगणनेत लॉरा यांच्या कुटुंबाची नोंद आहे, तिच्यावरून पुढे जागेचा माग लागला. जमीन होती ओसेज लोकांची. करारानं त्यांच्याकडे राहिलेल्या त्या मुलखात इंगल्स कुटुंब आणि त्यांच्यासारखे अनेक जण हक्क नसताना येऊन राहिले होते. पुस्तकात सैनिक आपल्याला हुसकावणार, या बातमीनं वडील घर सोडतात. पण कायमचा मुलूख सोडावा लागला तो ओसेजांना. १८७० साली अमेरिकी काँग्रेसनं तसा कायदा केला आणि ते आजच्या ओक्लाहोमात गेले.

घरातले सगळे हिवतापानं आडवे पडतात, तेव्हा डॉक्टर टॅन येऊन औषध देतात. तेही खरेखुरे होते. जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णीय डॉक्टर इंगल्सांचे शेजारी होते. पुस्तकात त्यांच्या वाट्याला मोजकी पानं आली. त्या कुटुंबाचा जीव वाचला त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. याच लेखिकेनं दुसऱ्या एका पुस्तकात रंगवलेला डाकोटातला १८८०-८१ चा हिवाळा खराच तसा भयंकर होता. बर्फानं आगगाड्या अडल्या, सरपण संपलं. गवताला पीळ देऊन लोकांनी चूल पेटती ठेवली आणि कॉफीच्या चक्कीवर गहू दळून भाकरी केली. त्या माणसांची जिद्द खरी होती. आणि ज्या जमिनीवर ती उभी राहिली, ती दुसऱ्याकडून गेलेली होती, हेही खरं. मुलांना या दोन्ही गोष्टी एकत्र पेलतात; फक्त कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून अशी पुस्तकं माळ्यावर टाकू नका. मुलांना जवळ घेऊन वाचून दाखवा, मध्ये थांबा, त्यांना प्रश्न विचारू द्या. आणि ओसेज लोक गोष्टीतून निघून गेले, तरी जगातून गेलेले नाहीत, ओक्लाहोमात पॉहस्का इथे त्यांचं स्वतःचं सरकार आजही काम करतं आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.