जास्तीची शीर

पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात ठेवले की हिरवा भाग कुजून जातो आणि शिरांची जाळी उरते. मधली शीर जाड, तिला फुटलेल्या शिरा बारीक, आणि त्याही पुन्हा एकमेकींना मिळून चौकटीला चौकट लागलेली. केळीच्या किंवा उसाच्या पानात शिरा समांतर धावतात. पण त्यांनाही आडव्या बारीक शिरा जोडून ठेवतात.

केवळ पाणी पोचवायचे तर झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा पुरल्या असत्या. मग हा जास्तीचा पसारा कशाला? हिशेबी माणूस याला इसराफ, म्हणजे उधळपट्टी म्हणेल. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील एलेनी कॅटिफोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवून दिले, की शीर तुटण्याचा धोका हिशेबात धरला तर जाळीच सरस ठरते. लिंबाच्या पानाच्या मुख्य शिरेत भोक पाडले, तरी आत सोडलेला चमकता द्रव जखमेला वळसा घालून पुढे गेला. गिंको झाडाच्या पानात शिरा दुभंगत जातात, सहसा पुन्हा मिळत नाहीत. तिथे असा वळसा घ्यायला वाटच नसते.

आम्हा शिक्षकांना पालक विचारतात, "सर, मुलीला पुढे शिकवून काय करायचे? तिला कुठे नोकरी करायची आहे?" घर अब्बांच्या एका कमाईवर चाललेले असते. ते चालते तोवर मुलीची तालीम जास्तीचा खर्च वाटते. अब्बा अंथरुणाला खिळले की त्याच घरात विचारणा सुरू होते, शिकलेले कोण आहे? पण शीर काही जखमेच्या दिवशी उगवत नाही. ती आधीपासून असावी लागते.

पालकांना समजावताना हा दाखला आमच्या कामी येतो. तरी तो इथेच थांबवला पाहिजे. शीर पानासाठी असते. पानाबाहेर तिला आयुष्य नाही. मुलगी मात्र घराच्या अडीअडचणीची तरतूद म्हणून जन्माला आलेली नसते. अब्बा शंभर वर्षे धडधाकट राहिले, तिने कधी एक रुपया कमावला नाही, तरी तिचा शिकण्याचा हक्क कमी होतो काय? आमच्या मते नाही. निसर्ग शहाणपणाचा हिशेब शिकवतो. न्यायाचा विचार माणसालाच करावा लागतो. पालकांना पहिली गोष्ट पटते आणि मुलगी शाळेत टिकते, याचा आम्हांला आनंदच आहे. दुसरी गोष्ट पटवण्याचे काम अजून बाकी आहे.