चरबीचा डबा

सावकाश वाचा. मध्ये थांबलात तरी चालेल.

1935 सालची अमेरिका मनात आणा. पहिल्या महायुद्धाचा वीट आलेला, मंदीने पोळलेला देश. संसद कायदा करते: लढणाऱ्या कोणालाच शस्त्रं विकायची नाहीत. त्यात ढोंग नाही. क्षणभर हा निश्चय तुमचाच समजा.

आता तो सुटताना पाहा. 1939 मध्ये सूट मिळते: रोख पैसे मोजा, आपल्याच जहाजातून माल न्या. 1940 मध्ये तरुणांची सक्तीची भरती. मार्च 1941 मध्ये ब्रिटनला उसनवारीने शस्त्रं देण्याचा कायदा. ऑगस्टमध्ये भरतीची मुदत वाढते, तीही प्रतिनिधीगृहात अवघ्या एका मताने. युद्ध अजून जाहीर झालेलं नाही. यातल्या कुठल्या पायरीवर तुम्ही थांबला असता? उत्तराची घाई नको.

7 डिसेंबरला पर्ल हार्बरवर जपानचे बॉम्ब पडतात आणि युद्ध घरात शिरतं. साखर, कॉफी, मांस, पेट्रोल, सगळं कूपनवर. 1942 च्या फेब्रुवारीपासून खासगी मोटारी बनणं बंद. परसात भाजीचे वाफे. आणि शेगडीशेजारी एक डबा. मांस परतून उरलेली चरबी त्यात गाळायची, डबा भरला की खाटकाकडे द्यायचा. तो थोडे पैसेही देतो. त्या चरबीतून ग्लिसरीन निघतं, ग्लिसरीनपासून स्फोटकं होतात.

या डब्यापाशी जरा रेंगाळा. तो भरणारी बाई कदाचित कुणाचा द्वेषही करत नसेल. मुलगा पॅसिफिकात, खिडकीत सैनिकाच्या घराची खूण म्हणून निळ्या ताऱ्याचं निशाण. तो लवकर परत यावा म्हणून ती चरबी गाळते. त्या चरबीचं पुढे काय होतं, तेही तिला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरून पाहा. जड जातं.

कॅलिफोर्नियात शेजारचं एखादं घर रिकामं दिसेल. जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 माणसांना तारेच्या कुंपणाआड छावण्यांत नेलं गेलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. शेजारपाजार बहुतांशी गप्प राहिला.

हे युद्ध टाळता आलं असतं असं मला वाटत नाही. छावण्या मात्र टाळता आल्या असत्या.

शेवटी 8 डिसेंबर 1941 चं प्रतिनिधीगृह. युद्धाच्या बाजूने 388, विरुद्ध एक: मोंटानाच्या जेनेट रँकिन. 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळीही, त्यांनी नकारच दिला होता. त्या चुकल्या म्हणा हवं तर, पण त्यांच्या जागेवर जरा बसून पाहा. मतदानानंतर लोक इतके खवळले की त्यांना टेलिफोन बूथमध्ये आसरा घ्यावा लागला. पोलिसांनी तिथून बाहेर काढलं. पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही.