आभाळाचा चोपदार



माउलींच्या पालखीतळावर समाजआरती ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याला शिस्त म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. टाळ-मृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. इतक्यात चोपदार हातातला दंड उंच करतात, आणि एवढा अफाट समाज क्षणात चिडीचूप होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि मग आरती होते. दंड वर गेल्यावर 'आम्ही का म्हणून थांबावे?' असे कोणी विचारीत नाही. चालणे ही जशी वारी, तसे सांगितल्यावर थांबणे हीदेखील वारीच आहे.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते अशाच दुसऱ्या एका चोपदाराविषयी. हा चोपदार आभाळाचा. प्रस्थान होते ज्येष्ठ वद्यात, म्हणजे बहुधा मृग-आर्द्रांच्या पावसात. पुढची सारी वाट उघड्या माळावरची, घाटाची आणि नदीकाठची. हवेची खबर देण्याचे काम १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते करीत असते. त्याच्या इशाऱ्याचे रंग आता खेडोपाडी ठाऊक झाले आहेत. हिरवा म्हणजे चिंता नको, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे आता जपणूक केलीच पाहिजे. एका दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर हे खाते त्यास जोरदार म्हणते, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत जोरदार. मागल्या वाऱ्यांत पावसाचा अंदाज म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीवरून बांधीत. आता मोबाइलवर संदेश येतो.

पण संदेश येणे निराळे आणि मनावर घेणे निराळे. 'अहो, काल नारिंगी सांगितले, आमच्याकडे थेंबही पडला नाही,' असे पुष्कळजण म्हणतात. बाबांनो, इशारा असतो अख्ख्या जिल्ह्याला. सासवडला झोडपावे आणि चार कोसांवर जेजुरीला ऊन असावे, हे पावसाचे रूपच आहे. इशारा दिला आणि पाऊस चुकला तर आपले काय गेले? एखादा मुक्काम लांबला. इशारा मानला नाही आणि पाऊस आला तर काय जाते, त्याची भरपाई कोणी द्यावी?

नदीचे तर त्याहून विचित्र. आळंदीची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. ती भीमा उजनीच्या धरणात येते. वीर धरणाखालची नीरा नरसिंहपुरास भीमेत उतरते, आणि हे सारे पाणी पंढरीस येऊन चंद्रभागा म्हणवते. म्हणजे आपण चालतो तशी पाण्याचीही एक वारी चाललेली असते. म्हणून पंढरपुरात लख्ख ऊन पडलेले असताना वाळवंटात पाणी चढू शकते, कारण पाऊस वर सह्याद्रीच्या घाटांत झालेला असतो आणि उजनी-वीरचे दरवाजे उघडलेले असतात. विसर्ग इतके क्युसेक, असे सांगतात तेव्हा सेकंदाला तितके घनफूट पाणी सुटले असे समजावे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. भोंगा वाजला, दोरी बांधली, की स्नानाची जागा सोडावी. पाण्याला हात लावून तो मस्तकी लावला तरी चंद्रभागा रुसणार नाही.

ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर 'गुडघाभरच आहे' म्हणून पाय घालू नये. वीतभरदेखील नसलेले वेगाचे पाणी धडधाकट माणसाला पाडते, आणि हातभर पाण्यात मोटार तरंगू लागते. सामानाचा ट्रक वा टेम्पो चालविणाऱ्या भावांनी हे विशेष ध्यानात धरावे. मागे बसलेली माणसे तुमच्या भरवशावर असतात.

विजेचे म्हणाल, तर ती उंच वस्तू शोधते. माळावर पताका खांद्यावर उभी धरून चालणारा वारकरी त्या वेळी सर्वांत उंच असतो. गडगडाट ऐकू आला की पताका आडव्या कराव्यात, एकट्या झाडाचा आसरा धरू नये, पक्क्या घरात वा बंद गाडीत जावे. काहीच जवळ नसेल तर पांगून, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी हलू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाची सोय मोबाइलसाठी केली आहे, ती जवळपासच्या विजेची सूचना देते. प्रत्येक दिंडीत एका तरुणाकडे हे काम सोपवावे. संकटात ११२ किंवा जिल्ह्याचा १०७७ हा क्रमांक फिरवावा.

आता काही भाविक म्हणतील, 'ज्याचा भाव खरा, त्याचे पाणी काय करणार?' भाव खराच आहे, त्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वारीत कोणी एकटा चालत नाही. पुढच्याने ओढ्यात पाय घातला की मागची सत्तर वर्षांची माउली, डोईवर तुळशीवृंदावन घेऊन, त्याच्याच भरवशावर पाय घालते. भाव तुमचा, आणि बुडते ती. तिला काढावयास जो तरुण उडी टाकतो, त्याच्याही घरी लेकरे असतात. आपल्या धाडसाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे, यास भक्ती म्हणता येत नाही. तो अहंकार होय, आणि माळ घातलेल्याने तो आधी टाकावयाचा असतो.

१५ जून २०२५ रोजी, तुकोबारायांच्या पालखीच्या प्रस्थानास तीन दिवस असताना, देहूच्या वरच्या अंगाला कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. पाऊस झालेला, नदी भरलेली. चार जीव गेले. पूल धोक्याचा असल्याची पाटी तेथे होती. पाटी बोलत होती, ऐकणारे कान हवे होते.

थांबल्याने नेम मोडतो, ही भीतीही सोडावी. २०२० साली महामारीत पायी सोहळा थांबला, पादुका एसटीने पंढरीस गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी आपापल्या उंबऱ्यात उभे राहून हरिपाठ म्हटला. त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल? कंबरेवर हात ठेवून जो विटेवर उभाच आहे, तो चार घटका उशीर झाला म्हणून पाठ फिरवीत नाही.

तेव्हा आमची विनंती विणेकऱ्यांस आणि दिंडीचालकांस. रोज पहाटे निघण्यापूर्वी जिल्ह्याचा इशारा आणि धरणाचा विसर्ग मोठ्याने वाचून दाखवावा. थांबण्याचा शब्द एकाच्याच तोंडून यावा आणि तो सर्वांनी मानावा. थांबावे लागले तर शाळेत, देवळात, जेथे पक्के छप्पर असेल तेथे टाळ काढावेत. नाम तेथेही तेवढेच गोड लागते. आणि निघताना माणसे मोजावीत. जितकी घरून निघाली तितकीच महाद्वारी पोहोचावीत, आणि तितकीच आपल्या घरी परतावीत. विठुरायाला याहून निराळी दक्षिणा नको आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!