सही कोणाची?

‘मामा, काठमांडूच्या पोरांनी दोन दिवसांत सरकार पाडलं. आम्ही लातूरच्या अभ्यासिकेत मान खाली घालून बसलोय. यातलं शहाणं कोण?’

भाचीने हा प्रश्न विचारला तेव्हा २०२५चा सप्टेंबर अर्धा सरला होता. मुक्तिसंग्राम दिनाला जोडून ती नांदेडला आली होती. मी म्हणालो, ‘सरकार पाडणं वेगळं आणि कारभार सुधारणं वेगळं. ८ सप्टेंबरला तिथे पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी संसद जळाली, सिंहदरबार जळाला, सर्वोच्च न्यायालय जळालं. ज्यांना ती पोरं चोर म्हणत होती, त्यांचे खटले शेवटी कुठे चालणार होते? न्यायालयातच. तिथल्या दप्तराची राख झाली की सुटका चोराचीच होते.’

‘१९ जण ८ तारखेला मेले आणि न्यायालय ९ तारखेला जळालं, हे तुम्हीच सांगितलं. मग दोष देताना ९ तारखेपासून सुरुवात का करायलात?’

ती वाद घालायला आली नव्हती, हे मला माहीत आहे. तिने मे २०२४मध्ये नीट दिली होती. त्या वर्षी देशभरातून २३ लाखांवर मुलं बसली होती. जूनमध्ये तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, गुण वाढवून देतो म्हणून पैसे घेतल्याच्या आरोपावरून जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक पकडले गेले, प्रकरण सीबीआयकडे गेलं. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी नाकारली. न्यायालयाचं म्हणणं असं की, सगळी परीक्षाच नासली असं धरायला पुरेसा पुरावा नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण ज्या शहराने ‘लातूर पॅटर्न’च्या जोरावर देशात नाव कमावलं, तिथल्या मुलीला आपल्या गुणांवर भरवसा उरू नये, याची भरपाई कुठल्या निकालात मिळते? तिने डॉक्टरकीचा नाद सोडला. आता बी.एस्सी. आणि स्पर्धा परीक्षा.

‘त्या जूनमध्ये ट्युशन एरियातून मोर्चा निघाला असता तर माझ्या खोलीतली एकही पोरगी गेली नसती,’ ती म्हणाली. ‘भित्र्या नाहीत त्या. एकीला पोलीस भरती द्यायचीय, एकीला तलाठी. एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत अडकलंच. २०२३ला तलाठ्याच्या ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले. तिथून आपल्या पायाने बाद व्हायला कोण जाईल? आम्हाला गप्प बसवायला गोळी लागत नाही, मामा. फॉर्मवरचा एक रकाना पुरतो.’

मी म्हणालो, ‘आंदोलनातले गुन्हे मागे घेतले जातात.’

‘घेतात. किती वर्षांनी? तोवर माझं भरतीचं वय कोण थांबवून ठेवणार?’

मग मी १९७४ काढलं. आम्हीही परीक्षा सोडून रस्त्यावर आलो होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोकऱ्यांवरून ठिणगी पडली, वसमतला पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी गेले आणि मराठवाडाभर कॉलेजं ओस पडली. त्याच सुमाराला गुजरातेत नवनिर्माणच्या पोरांनी चिमणभाई पटेलांचं सरकार घालवलं होतं, बिहार पेटत होता. आमचं मागणं साधं होतं. इथल्या पोरांना नोकऱ्या द्या, शेताला पाणी द्या, मनमाडहून येणारी मीटरगेज रुंद करा, निजामाच्या राज्यातून आलो म्हणून कायम शेवटच्या पंगतीला बसवू नका. ती मागणी आजही मला शंभर टक्के न्याय्य वाटते.

‘मिळालं काय?’

‘रूळ रुंद झाले, पण १९९०चं दशक उजाडलं. १९८३ला दांडेकर समिती नेमली गेली, तिने अनुशेष मोजला. १९९४ला वैधानिक विकास मंडळ आलं.’

‘आणि ३० एप्रिल २०२०ला त्याची मुदत संपली. वसमतच्या दोघांच्या जिवावर एक मंडळ मिळालं, आणि त्याला मुदतवाढ द्यायलाही कुणाला सवड झाली नाही.’

याला उत्तर देता आलं असतं. धरणं, शाळा, महाविद्यालयं मोजून दाखवता आली असती. पण मला बोलायचं होतं ते १९७८वर, कारण माझा खरा अडसर तिथे आहे.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. चार वर्षांपूर्वी ज्या कॉलेजांतून विकासाचे मोर्चे निघाले होते, त्याच कॉलेजांतून विरोधाचे मोर्चे निघाले. घोषणांचा बाजही तोच. मुंबई आमच्यावर लादते, मराठवाड्याची अस्मिता वगैरे. आणि नांदेड जिल्ह्यातल्या गावागावांत दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. विरोध करणाऱ्या पोरांनाही वाटत होतं की आपण मस्तवाल सत्तेशी लढतोय. सत्ता मुंबईत सुखरूप होती. जळालं ते गावकुसाबाहेरचं घर, ज्याचा सत्तेत कधीच वाटा नव्हता.

‘म्हणून तरुण उठले एवढं ऐकून मला आनंद होत नाही,’ मी म्हणालो. ‘माझी कसोटी एकच. आंदोलनाच्या रात्री गावातला सगळ्यात कमजोर माणूस निर्धास्त झोपू शकतो का?’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘कसोटी चांगली आहे. पण आंदोलन नसतं त्या रात्री तो निर्धास्त झोपतो का? तेव्हा ही कसोटी तुम्ही कुणाला लावता?’

मला हे टाळता येत नव्हतं, अजूनही येत नाही. तिने आणखी पुढे रेटलं. ‘आणि नामांतर मागणारेही रस्त्यावरच होते ना? लाँग मार्च काढला, तुरुंग भोगले, लाठ्या खाल्ल्या. सोळा वर्षांत कायदा, अर्ज, विनंत्या सगळं झालं. नोव्हेंबर १९९३मध्ये याच नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, त्यानंतर कुठे १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. ती माणसंही तरुणच होती. १९७८च्या आगीचा दोष तारुण्यावर का टाकता? तो जातीचा दोष आहे. तुमची पिढी जातीचं नाव घ्यायला लाजते म्हणून वयाचं घेते.’

‘वयाचं नाही, गर्दीचं घेतो मी. गर्दीला दुसऱ्या दिवशी मालक उरत नाही.’

‘नामांतराच्या गर्दीला होता की. लाँग मार्चवाल्यांनी कुणाची वस्ती जाळली?’

नाही जाळली. गर्दी आणि आग हे एकच समीकरण नाही, हे तिचं मी मान्य केलं. तरीही माझी शंका जात नाही. ज्याच्या अंगावर अन्यायाचे वळ आहेत तो हात आवरतो, आणि ज्याला फक्त आपला मान दुखावल्यासारखा वाटतो तो हात उगारतो, असं इथल्या इतिहासात दिसतं. पण मोर्चा निघतो तेव्हा हे दोन्ही तऱ्हेचे राग एकाच रांगेत चालत असतात. ते वेगळे कसे करायचे? भाची म्हणते, चालता चालताच वेगळे होतील. मी म्हणतो, आधी करायला हवेत. इथे आम्ही तासभर अडकलो, आणि दोघांपैकी एकही हललं नाही.

मग तिने उमरी काढली. ‘१७ सप्टेंबरला तुम्ही ज्यांचे गोडवे गाता, त्यांनी ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक लुटली होती. तेव्हा कुठे गेली तुमची कसोटी?’

‘ते पैसे लढ्याच्या कॅम्पांना लागले, आणि निजामशाही गेल्यावर त्यांचा हिशेब दिला गेला. लुटीचा हिशेब देणारी माणसं होती ती. शिवाय तेव्हा मत नव्हतं, निवडणूक नव्हती, रझाकार होते. आज मत आहे.’

‘मत!’ ती उसळली. ‘नांदेडने काय केलं बघा की. माजी मुख्यमंत्री फेब्रुवारी २०२४मध्ये काँग्रेस सोडून भाजपात गेले. लोकांनी लोकसभेला भाजपचा उमेदवार पाडला. लोकांनी आपलं काम चोख केलं. कारभारात काय फरक पडला? इकडून तिकडे माणसं जातात, घराणी तीच, फक्त गळ्यातला रुमाल बदलतो. नेपाळच्या पोरांना समोर कोण आहे ते दिसत होतं. मी मोर्चा कोणाच्या दारात नेऊ?’

आणि मग विष्णुपुरी. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, नांदेडचं सरकारी रुग्णालय, २४ तासांत २४ मृत्यू, त्यांतली १२ नवजात बाळं. ‘कोण आलं रस्त्यावर?’ तिने विचारलं. मी सांगितलं, एक खासदार आले. त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, तो व्हिडिओ देशभर फिरला, पुढे अधिष्ठात्यांच्या तक्रारीवरून खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. औषधं का नव्हती, माणसं का नव्हती, हा प्रश्न त्या संडासापाशीच थांबला. ज्यांनी उत्तर द्यायचं तेच संताप करून दाखवू लागले की लोकांच्या संतापाला जागा उरत नाही. आमच्याकडची व्यवस्था काठमांडूपेक्षा हुशार आहे ती इथे.

‘आता माझा एक अवघड प्रश्न,’ मी म्हणालो. ‘शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात २०२२ला ७,८०० हून जास्त उमेदवार बाद ठरवले गेले. विकणारे मूठभर, घेणारे हजारो. ही माणसं मंत्रालयातली नव्हेत. आपल्या गल्लीतली, आपल्या भावकीतली. भ्रष्ट व्यवस्थेविरुद्ध मोर्चा काढशील तेव्हा यांना कुठल्या बाजूला उभं करशील?’

‘एकर विकून पोरासाठी पैसे भरणाऱ्या बापाला मी चोर म्हणणार नाही.’

‘मी म्हणेन. ज्याच्याकडे विकायला एकर नव्हता, त्याच्या पोराची जागा त्याने घेतली.’

‘मग प्रामाणिकपणाची किंमत ज्याच्याकडे एकर नाही त्यानेच द्यायची, असं झालं ना? मोर्चाची किंमतही त्यानेच. गुन्हा माझ्यावर, पडताळणी माझी, बाद मी. आणि कसोटी तुमची.’

याच ठिकाणी मला १९३८ आठवलं, कारण तिचा प्रश्न त्या साली कुणीतरी सोडवला होता. वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने आणि औरंगाबादच्या कॉलेजाने विद्यार्थी काढून टाकले. पोरांचं शिक्षण तिथेच संपायचं. पण नागपूर विद्यापीठाने त्यांना दारं उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही त्यांतलेच. पोरांनी पाऊल उचललं, आणि नुकसान झेलायला पलीकडे थोरली माणसं उभी होती. १९७४ला आमच्यामागेही गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं होती. आज लातूरच्या अभ्यासिकेतल्या पोरीमागे कोण आहे? आईबाप म्हणतात, यात पडू नको. मास्तर म्हणतात, अभ्यास कर. पुढारी म्हणतो, माझ्या झेंड्याखाली ये. तरुण थंड पडलेत असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या माणसांचा मला राग येतो, तो यासाठी.

हे मी तिला बोलून दाखवलं. मोर्चाच्या परवानगीच्या अर्जावर ज्यांची नावं असतात, नोटीस आधी त्यांच्याच घरी येते. ती नावं आमच्या पिढीची असावीत. आमची भरती संपली, पडताळणी संपली.

‘असावीत कशाला?’ ती म्हणाली. ‘लातूरच्या जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊ. मागणी एकच, भरती आणि परीक्षांच्या सगळ्या चौकश्या कुठवर आल्या ते तारखेनिशी जाहीर करा. पहिली सही तुमची. करता का?’

‘करतो. पेन्शन गुन्ह्याने जात नाही, शिक्षा झाली तर अडचण येऊ शकते. तेवढं चालेल. पण एक अट. पहिला दगड पडला की मोर्चा तिथेच संपला असं मी जाहीर करणार.’

‘अट मान्य नाही.’

‘का?’

‘ज्याला मोर्चा नकोय त्याने मग फक्त एक माणूस पाठवायचा, एक दगड हातात देऊन. मोर्चा बंद करायची किल्ली तुम्ही त्यालाच देऊन टाकायलात.’

‘१९७८ला दगड बाहेरून आला नव्हता.’

‘आणि काठमांडूत गोळी आतून सुटली नव्हती. अट राहू द्या, मला हे सांगा. दगड पडला तर तुम्ही घरी जाणार का तिथेच थांबणार?’

थांबेन, असं मी कबूल केलं. दगड मारणाऱ्याच्या समोरही आणि पोलिसाच्या समोरही. त्यानंतर मोर्चा पुढे न्यायचा की जागेवर बसवायचा, यावर मात्र आमचं जमलं नाही. तिने मागणीचा मसुदा लिहून ठेवला आहे. अटीचं वाक्य मी त्यात घालतो, ती खोडते.