असू दे, लागेल कधीतरी

"असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. आई ते सुतळीच्या तुकड्यांबद्दल म्हणायची, पत्नी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांबद्दल म्हणते आणि मी बँकेतल्या ठेवींबद्दल म्हणतो. या साध्या वाक्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, याची जाणीव मला एका व्हिडिओ गेममुळे झाली. पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरने गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत व्हिडिओ गेमवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. जरूर हसा, पण वाचा.

गोष्ट 2020 सालची. करोनामुळे कुवेत सरकारने काही वस्त्या पूर्ण बंद केल्या होत्या. आमचे फरवानिया 31 मेपासून 26 जुलैपर्यंत, म्हणजे तब्बल आठ आठवडे बंद होते. बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर अडथळे आणि पोलीस. डॉक्टर असल्यामुळे मला ये-जा करण्याची परवानगी होती. दिवसभर मास्क आणि गाऊन घालून काम करायचे, घरी येऊन थेट न्हाणीघर गाठायचे, जेवायचे आणि मग? झोप येत नसे. अकरावीतला मुलगा प्लेस्टेशनवर 'स्ट्रँडेड डीप' नावाचा गेम खेळत बसलेला असे. एका रात्री मी सहज त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पुढच्या आठवड्यात खेळणारा मी होतो आणि शेजारी बसणारा तो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपले विमान प्रशांत महासागरात कोसळते. आपण एकटेच वाचतो आणि रबरी होडीतून एका निर्जन बेटाला लागतो. दगडाचे हत्यार करायचे, तंतुमय पानांचे दोर वळायचे, काठ्या बांधून कुऱ्हाड, भाला, झोपडी, तराफा असे एकेक बनवत जायचे. मनगटावरच्या घड्याळात भूक, तहान, प्रकृती आणि आपण किती दिवस तगलो ते दिसते. खेळ करणाऱ्यांनी वैद्यकाचा अभ्यास बरा केला आहे. साप चावला तर वनस्पतीपासून उतारा करावा लागतो, हाड मोडले तर काठ्यांचा आधार बांधावा लागतो. तहान लागली म्हणून लागोपाठ नारळाचे पाणी प्यायलो तर जुलाब होतात आणि होते तेही पाणी अंगातून निघून जाते! "अति तेथे माती" हे आपण मुलांना नुसते सांगतो, हा खेळ ते करून दाखवतो.

पण ही शिक्षा फक्त नारळाला आहे. लाकूड, दगड, दोर, कातडी यांचा कितीही साठा केला तरी काही होत नाही. पहिल्या काही दिवसांत मी जगायला लागेल तेवढेच जमवत होतो. महिनाभरात माझ्या किनाऱ्यावर खोक्यांची रांग लागली. शेजारच्या बेटांवरून तराफ्याने माल आणू लागलो. या खेळात तोडलेला माड पुन्हा उगवत नाही. माझे पहिले बेट हळूहळू टकले झाले. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्या लाकडांचं करणार काय?" माझ्या तोंडून आपसूक निघाले, "असू दे, लागेल कधीतरी."

या खेळाला शेवट आहे. समुद्रातल्या तीन अजस्र जलचरांना हरवले की एका जुन्या विमानाचे भाग मिळतात. ते जोडले की उडून जायचे, सुटका. ते तिन्ही राक्षस अर्थात मुलानेच मारले. माझी बोटे तेवढी चपळ नाहीत. विमान तयार झाले. "चला बाबा, बसा आणि निघा," तो म्हणाला. मी म्हटले, "थांब रे, झोपडीचं छप्पर राहिलंय, आणि त्या चौथ्या बेटावर..." त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी सहज, काहीही टोचून न बोलता म्हणाला, "आजीलाही तुम्ही दर वर्षी असंच सांगता."

त्या रात्री मी गेम बंद केला, पण प्रश्न बंद झाला नाही. माणसाने किती जमवावे? पुरे कधी म्हणावे? आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि प्रत्येकजण तो 'पुढच्या वर्षी' या कप्प्यात ठेवून देतो.

जमवणाऱ्याला एकदम लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे योगक्षेम असा सुंदर शब्द आहे. नसलेले मिळवणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. गृहस्थाला दोन्ही चुकलेले नाहीत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यांत मधमाशीही आहे. ती मध साठवते आणि नेणारा दुसराच कोणी असतो, म्हणून साठवू नये, असा बोध अवधूत घेतो. पण तो संन्याशी. त्याला मुलाची फी भरायची नव्हती, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे नव्हते. आणि आपला इथला मुक्काम नोकरीच्या इकाम्यावर. नोकरी गेली की मुक्काम संपला. अशा माणसाला "साठवू नकोस" असे सांगणारा डॉक्टर मी तरी होणार नाही.

शिवाय इथल्या जुन्या मंडळींनी 1990 पाहिले आहे. 2 ऑगस्टला इराकी सैन्य आले आणि पुढे इराकने कुवेती दिनारच चलनातून काढून टाकला. एक लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमार्गे, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी परतले. त्यांतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला सांगितले होते, "डॉक्टर, चौदा वर्षांचा संसार एका बॅगेत बसवायला आम्हाला वीस मिनिटं लागली." तरीही ते 1992 मध्ये परत आले आणि पुन्हा जमवू लागले. त्यांच्या मनात लोभ नव्हता, धाक होता.

कुवेत शहरासमोर सुमारे 20 किलोमीटरवर फैलका बेट आहे. आपल्यापैकी अनेकजण तिथे सहलीला गेले असतील. कांस्ययुगापासून तिथे वस्ती होती. 1990 मध्ये तिथल्या रहिवाशांना हुसकून लावले गेले आणि बहुतेकजण परत राहायला आले नाहीत. गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारती तिथे उभ्या आहेत. त्याच बेटावर उत्खननात ग्रीक वसाहतीच्या काळातला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी तो जपून ठेवला असेल, "लागेल कधीतरी" म्हणून. साठा राहिला, ठेवणारा गेला.

डॉक्टर म्हणून मी या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहतो. तहानलेल्या माणसाने पाणी प्यायले की ते रक्तात पुरते मिसळण्याआधीच मेंदू "पुरे" म्हणतो. जठर ताणले की मज्जातंतू वर्दी देतात, आतड्यांतून संप्रेरके निघतात आणि हात ताटावरून मागे येतो. भुकेला आणि तहानेला निसर्गाने थांबण्याची घंटा दिली आहे. संग्रहाला मात्र अशी घंटा नाही. बँकेतल्या रकमेने कोणाचेही जठर ताणले जात नाही. त्यामुळे "पुरे" हा शब्द इथे शरीर उच्चारणार नाही, तो आपल्यालाच उच्चारावा लागेल. माझ्या मते नीतीचा प्रश्न इथे सुरू होतो.

निर्जन बेटावरच्या माणसाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे 1719 मध्ये आलेली डॅनियल डेफोची 'रॉबिन्सन क्रूसो'. फुटलेल्या जहाजावर क्रूसोला पैसे सापडतात. बेटावर यांचा काय उपयोग, असे म्हणून तो त्यांचा धिक्कार करतो आणि क्षणभर विचार करून ते बरोबर घेऊन जातो! असू दे, लागेल. पण त्याच्याही पाचशेहून अधिक वर्षे आधी अंदालुसियात, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, इब्न तुफैल नावाच्या अरब विद्वानाने अशीच एक गोष्ट लिहिली होती. तो राजवैद्य होता, म्हणून मला त्याच्याविषयी थोडी जास्त आपुलकी. त्याचा नायक हय्य इब्न यक्झान एका निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढतो. ती मेल्यावर तिच्यातून नेमके काय निघून गेले, हे शोधण्यासाठी तो तिची छाती उघडून पाहतो. पुढे विचार करून करून तो स्वतःच स्वतःला नियम घालून घेतो. फळ पिकलेले असेल तरच खायचे, त्याचे बी जपायचे, खडकावर फेकायचे नाही. प्राणी खायची वेळ आली तर जे पुष्कळ आहेत त्यांतलेच घ्यायचे, कोणतीही जात संपवायची नाही. आणि भूक भागेल इतकेच खायचे.

पाहणारे कोणी नाही, कायदा नाही, शेजारी नाही, तरी हय्य "पुरे" म्हणतो. आणि मी बेट टकले केले. ते बेट पडद्यावरचे होते हे खरे, पण ती सवय माझीच होती.

त्याच जून महिन्यात घडलेली एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला संकोच वाटतो. टाळेबंदीच्या भीतीने आम्ही घरात वीस-वीस किलोच्या तांदळाच्या तीन गोण्या आणून ठेवल्या होत्या. माणसे तीन. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत आठ कामगार राहत, कोणी आंध्रचे, कोणी बिहारचे. काम बंद, पगार बंद. एका संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाने आमचे दार वाजवले. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या होत्या. गोळ्या देता देता सवयीने विचारले, काय खाता? "सकाळी चहा-खुबूस, रात्री खुबूस." तीन आठवडे मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो आणि वर माझ्याकडे साठ किलो तांदूळ होता. त्या दिवशी पत्नीने काही न बोलता दोन गोण्या आणि डाळ काढून दिली. मी देणारा झालो असे मला वाटले नाही. उशिरा परत करणारा वाटलो.

खेळातला साठा निष्पाप असतो, कारण बेटावर दुसरे कोणी नसते. दुसरा माणूस आला की साठ्याचा अर्थ बदलतो. आपण ज्याला आपला क्षेम म्हणतो, त्यात कोणाची तरी वाट पाहणे मिसळलेले असते. कधी तो तळमजल्यावर असतो, कधी मिरजेला.

माझी आई 2022 मध्ये मिरजेला वारली. मी रजा घेऊन शेवटचे अकरा दिवस तिच्याजवळ होतो, एवढे समाधान आहे. नंतर तिचे कपाट आवरताना खालच्या कप्प्यात मी इतक्या वर्षांत कुवेतहून पाठवलेल्या वस्तू निघाल्या: टॉवेल, अत्तराच्या बाटल्या, खजुराचे डबे, एक गरम शाल. एकाही वस्तूचे वेष्टन फोडलेले नव्हते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही कायमचे आलात की काढणार होत्या." तिने माझ्यासाठी साठवले, मी तिच्यासाठी साठवले आणि दोन्ही साठे तसेच राहिले. साठवता न येणारी एकच गोष्ट होती, ते दिवस. खेळातल्या घड्याळात दिवसांचा आकडा सगळ्यांत ठळक होता, पण मी खोकी मोजत बसलो.

मग किती जमवावे? सर्वांना लागू पडेल असा आकडा कोणी देऊ शकणार नाही. पण मला एवढे नक्की वाटते की आकडा आधी ठरवावा, घरात मोठ्याने सांगावा, आणि प्रत्येक ठेवीवर ती कोणासाठी आहे त्याचे नाव असावे. ज्या साठ्याला नाव नाही, तो बहुधा भीतीचा असतो, आणि भीती पोटासारखी भरत नाही. पाचवीला शिकणारी मुलगी असलेल्या तरुणाने आज निघावे असे मी म्हणत नाही. विमान तयार नसताना निघणे हा अविचारच. पण विमान तयार होऊनही जो छप्पर शाकारत बसतो, त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की आता आपण गरज जमवतो आहोत की निघणे टाळतो आहोत. आम्ही आमचा आकडा आणि तारीख कागदावर लिहून देवघरात ठेवली आहे. खरे सांगायचे तर तो आकडा दोनदा बदलला. तिसऱ्यांदा बदलायचा तर मुलाची सही लागेल, अशी आता अट आहे.

इथे आपण विसर्जन घरच्या बादलीत करतो. शाडूची मूर्ती रात्रभरात विरघळते आणि सकाळी ते पाणी तुळशीला जाते. इतक्या हौसेने आणलेल्या, सजवलेल्या मूर्तीबद्दल "असू दे, ठेवू या" असे कोणी म्हणत नाही. दीड दिवस तर दीड, पाच तर पाच. बाप्पा ठरल्या दिवशी येतो आणि ठरल्या दिवशी निघतो. "पुढच्या वर्षी" हा शब्द आपण त्यालाही देतो आणि घरच्यांनाही देतो. बाप्पा तो पाळतो. आपणही एकदा पाळून पाहू या.

गणपती बाप्पा मोरया!