घट नाही, की दिसला नाही?

‘तिकीट नंबर अवैध आहे.’ चौकटीखाली लाल अक्षरांत एवढंच वाक्य उमटलं, असं समजू. फॉर्म भरणारा काळाचौकीतल्या एखाद्या चाळीतला वारस आहे, नंबर वडिलांचा आहे आणि वडील गिरणीत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. घरासाठी मोजायचा दिवस त्याच महिन्यातला, १ जानेवारी. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो कामगार, तो हयात नसेल तर त्याचा वारस, म्हाडाच्या घराला पात्र. अर्ज दीड लाखाच्या घरात आणि २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं ६,९२५, म्हणजे एकेका कागदाला किती वजन येतं ते कळतं. ओळखपत्र, तिकीट नंबर, ईएसआयचा नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती अशा चिठ्ठ्याचपाट्यांवर पात्रता ठरते, आणि २०२३ पासून हे कागद ऑनलाइनही द्यायची सोय झाली. कोणत्या फॉर्मवर नेमकं कोणतं वाक्य येतं याच्याशी इथे मला कर्तव्य नाही. वरचं वाक्य कुठल्याही फॉर्मवर येऊ शकेल असं आहे. मला विचारायचंय ते एवढंच, की ‘अवैध आहे’ असं म्हणण्याचा अधिकार कशाच्या जोरावर मिळतो? प्रश्न संगणकाचा वाटतो. पण तो प्रमाणशास्त्राचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे शतकानुशतकं कडाक्याचं भांडण झालेलं आहे.

भांडण असं. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? घट दिसतो तेव्हा डोळ्यांनी दिसतो. पण ‘घट नसणं’ कशानं दिसतं? कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, न दिसणं हेच ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन आहे. त्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं. अद्वैत वेदान्त्यांनी ते मान्य केलं. नैयायिकांनी स्वतंत्र साधन मानायला नकार दिला, बौद्ध धर्मकीर्तीने तेच अनुमानात बसवलं. एका अटीवर मात्र हे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक जवळजवळ एकमताला आले: वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. काळोख्या खोलीत शिरून ‘इथे घट नाही’ म्हणणाऱ्याला काही कळलेलं नसतं. आणि पिशाच कधीच दिसत नाही, म्हणून समोरच्या खांबावर ते नाही असं नुसत्या न दिसण्यावरून ठरत नाही; शास्त्रकारांचं हे आवडतं उदाहरण. न दिसण्याला ही योग्यता असेल तरच ‘नाही’ म्हणता येतं. नसेल तर फार तर ‘मला दिसलं नाही’.

आता फॉर्मकडे वळू. प्रोग्राम नंबर घेतो, यादीत शोधतो, सापडला नाही की ‘अवैध’ म्हणतो. हे विधान खरं ठरायला यादी पुरी हवी: गिरणीच्या मस्टरची सगळी पानं हाती आलेली, त्यांवरचा प्रत्येक आकडा नीट उतरवलेला, आणि ‘शिवराम’चं इंग्रजी स्पेलिंग दोन कारकुनांनी दोन तऱ्हांनी केलेलं नाही. शिवाय बदली कामगार होताच. तो सकाळी गेटवर उभा राहायचा, कुणाचा खाडा पडला तर त्याला काम मिळायचं. त्याची नोंद कायम कामगारासारखी सलग कुठून असणार? अशा यादीत नंबर न सापडणं म्हणजे काळोखात घट न दिसणं. ‘अवैध’ हा शब्द उजेडातल्या माणसाचा आहे.

डोळेच धड नसतात, त्याचंही एक उदाहरण हाताशी आहे, आणि ते सगळ्यांत बोलकं आहे. पायथन भाषेत ‘हा मजकूर फक्त अक्षरांचा आहे का’ हे तपासणारी एक तयार सोय आहे, इझअल्फा नावाची. नावाच्या चौकटीला ती लावणं सोपं, म्हणून लावली जाते. तिला ‘गणपत’ द्या, ती हो म्हणते. ‘शिवराम’ द्या, ती नाही म्हणते. कारण युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी आणि काना ही अक्षरं नव्हेत, जोडचिन्हं आहेत. गणपतच्या नावाला काना नाही, मात्रा नाही, म्हणून तो सुटला. शिवरामच्या चौकटीखाली येणार: ‘नावात फक्त अक्षरे चालतील.’ बाराखडी शिकलेल्या कुठल्याही पोराला हे वाक्य खोटं आहे हे कळेल. दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे आणि वाक्य तो शिवरामच्या नावावर टाकतं.

ही वाक्यं लिहितं कोण? बहुतेक वेळा कुणीच नाही, आणि गोम इथेच आहे. जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये ती आयती येतात. ही चौकट आवश्यक आहे, योग्य किंमत भरा, असली. जँगो जन्मली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. वेबसाइट बांधणाऱ्याने प्रत्येक चौकटीला ‘एरर मेसेजेस’ म्हणून आपली वाक्यं द्यावीत अशी सोय तिच्यात आहे. न दिली तर आयतं वाक्य उमटतं. मीमांसकांचं म्हणणं असं, की वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्याला लागत नाहीत. आयत्या वाक्याला व्यवहारात हाच दर्जा मिळतो. कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, तेव्हा वाद कुणाशी घालणार? पण त्याच मीमांसकांनी ही सवलत वेदापुरतीच ठेवली होती, हे विसरू नये. बाकी सगळं बोलणं माणसाचं, आणि बोलणारा चुकू शकतो, ऐकीव सांगू शकतो, लबाडीही करू शकतो. वाक्य बदलून स्वतःचं लिहिणं म्हणजे ते पौरुषेय करणं. मराठी तर हे जवळजवळ सक्तीनं करायला लावते. लॅराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये वाक्याचा साचा असतो आणि त्यात चौकटीचं नाव घातलं जातं. ‘अमुक चुकीचा आहे’ असा साचा केला की पत्ता चुकीचा आहे, हे ठीक. पण पुढे जन्मतारीख चुकीचा आहे, नाव चुकीचा आहे. लिंग जुळत नाही, प्रत्यय लावावा तर सामान्यरूप अडतं. एकेक वाक्य हातानं लिहावंच लागतं, आणि लिहायला बसलं की आपण नेमकं काय ठासून सांगतोय हा प्रश्न टाळता येत नाही.

हा सगळा सौजन्याचा मामला आहे असं कुणी म्हणेल, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या वाणीच्या तपाची आठवण करून देईल: उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय, हितकर बोलावं. सौजन्याला माझी ना नाही. पण आपल्याकडे ते ‘कृपया वैध क्रमांक प्रविष्ट करा’ इथेच संपतं. कृपया जोडल्यानं काळोखात उजेड पडत नाही. त्या चार गुणांपैकी इथे आधी बिघडलंय ते सत्य. ते दुरुस्त केलं तर उद्वेग बराचसा आपोआप कमी होईल, कारण ‘या नंबरची नोंद आमच्या यादीत सापडली नाही, दुसरा पुरावा जोडता येईल’ असं ऐकणारा माणूस खोटा ठरत नाही.

जड आक्षेप दुसरा आहे. घरं थोडी, दावेदार फार. त्यांत बनावट दावेही असणार. ‘सापडलं नाही’ म्हणत बसलं तर निकाल कधी लागायचा? तर निकाल जरूर लागावा. पुरावा देण्याचं ओझं अर्जदारावर ठेवलं तरी हरकत नाही. मात्र निकाल आणि ज्ञान या दोन गोष्टी कायद्यानंही वेगळ्या ठेवल्या आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्यानं तीन अवस्था मानल्या: शाबीत झालेलं, खोटं ठरलेलं, आणि या दोहोंत न बसणारं, शाबीत न झालेलं. नवा साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही या तिन्ही व्याख्या राहिल्या आहेत. तिसऱ्या अवस्थेतला माणूस दावा हरतो, पण लबाड ठरत नाही. फॉर्मचं ‘अवैध’ तिसऱ्याला उचलून दुसऱ्यात बसवतं.

सुरक्षेची अडचण मात्र खरी आहे. लॉगिनच्या पानावर ‘पासवर्ड चुकला’ असं नेमकं सांगितलं, तर चोराला कळतं की नाव बरोबर होतं. म्हणून तिथे ‘नाव किंवा पासवर्ड यांपैकी काहीतरी जुळत नाही’ असं मोघम लिहितात. हे वाक्य कमी सांगतं, पण जेवढं सांगतं तेवढं खरं असतं. माझी तक्रार कमी सांगण्याबद्दल नाहीच. आपल्याला जे कळलेलं नाही, ते कळल्याच्या थाटात सांगण्याबद्दल आहे.

जँगोत ‘इनव्हॅलिड’ अशी एक खूण असते आणि तिच्यात सहज निदान तीन गोष्टी कोंबल्या जातात: आकड्यांची रचनाच जमत नाही, रचना जमते पण यादीत नोंद नाही, आणि यादीच अर्धी आहे. प्रत्येकीला वेगळी खूण आणि वेगळं वाक्य देता येतं. त्याला चार ओळी जास्त लागतात. पहिली गोष्ट प्रोग्रामर एकटा ठरवू शकतो. दुसरी की तिसरी, हे त्याला पडद्यासमोर बसून कळणार नाही. कुठल्या गिरणीचं मस्टर कुठल्या सालापर्यंत शाबूत आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे उठून जावं लागेल, आणि वाक्य त्यानंतर लिहावं लागेल.