मनोरा आणि निनावी कबरी

मृत्यू राव-रंक असा भेद मानीत नाही, हे सत्य आपण प्रत्येक दफनविधीच्या वेळी आठवतो. परंतु माती लोटली की तो भेद पुन्हा डोके वर काढतो. एका कबरीवर संगमरवर चढतो, तर दुसरीवरचा लाकडी क्रूस दोन पावसाळ्यांत कुजून जातो. मग थोरांच्या कबरीला मोठेपणा देणे ख्रिस्ती मनाला शोभते काय?

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील ग्लासनेविन दफनभूमीत हा प्रश्न दगडात उभा आहे. तेथे डॅनिएल ओकॉनेल व त्यांच्या कुटुंबीयांच्या समाधीवर ५० मीटरहून उंच असा गोल, निमुळता मनोरा आहे. आयर्लंडच्या प्राचीन मठांशेजारी असे मनोरे असत. ती ख्रिस्ती घंटाघरे होती, हे साधार दाखवून देणारे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज पीट्री यांनीच हे स्मारक कल्पिले. त्यांच्या आराखड्यात मनोऱ्यासोबत चॅपेल आणि क्रूसही होता. प्रत्यक्षात गगनाला भिडला तो मनोराच. १८६९ साली ओकॉनेल यांची शवपेटी त्याखालच्या तळघरात आणण्यात आली. आप्तांच्या शवपेट्या शेजारच्या दालनात आहेत. पत्नी मेरी मात्र येथे नाहीत. १८३६ साली निवर्तलेल्या त्या माउलीने केरी परगण्यात, समुद्रकाठच्या एका पडक्या मठात विसावा घेतला आहे.

ह्या मनोऱ्याभोवती १५ लाखांहून अधिक माणसे निजली आहेत. त्यांतील कित्येक लाखांच्या डोक्याशी नावाचा दगडही नाही. दुष्काळाने आणि कॉलऱ्याने मेलेले गरीब त्यांत आहेत. इतक्या निनावी कबरींमध्ये एकाचाच मनोरा पाहून मन अस्वस्थ व्हावे, हे योग्यच होय.

परंतु ही भूमी मुळात कशी मिळाली, हेही पाहिले पाहिजे. त्या काळी डब्लिनच्या कॅथलिकांना स्वत:ची दफनभूमी नव्हती. १८२३ साली एका प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात धर्मगुरू मायकल ब्लेक कबरीपाशी प्रार्थना करू लागले असता त्यांना अडविण्यात आले. मेलेल्या माणसासाठी चार शब्द उच्चारण्याची मुभा नसावी, ह्याहून मोठी विटंबना कोणती? ओकॉनेल यांनी ह्या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. त्यांच्या प्रयत्नांतून १८३२ साली ग्लासनेविन खुले झाले, तेही सर्व धर्मांच्या लोकांसाठी. तेथे पहिली कबर खणली गेली ती ११ वर्षांच्या मायकल केरी ह्या मुलाची. पुढे महादुष्काळात, १८४७ च्या फेब्रुवारीत, खंगलेल्या ओकॉनेल यांनी ब्रिटिश संसदेत उपाशी देशबांधवांसाठी अखेरची विनवणी केली. रोमच्या वाटेवर असताना मे महिन्यात जिनोआ येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेनुसार हृदय रोमला गेले, देह मायदेशी आला.

पुढे ते हृदय रोममध्ये हरवले. १९७१ साली बाँबस्फोटाने मनोऱ्यातील जिना उद्ध्वस्त झाला आणि २०१८ पर्यंत वर जाण्याची वाट बंद राहिली. दगडाने राखलेली स्मृतीही अशी नाशवंतच असते. परंतु त्या माणसाने मिळवून दिलेला हक्क नाहीसा झाला नाही.

म्हणून मला वाटते, थोरांच्या समाधीला मान देण्यात पाप नाही. मात्र त्या मानाने आपली नजर शेजारच्या निनावी कबरीकडे वळली पाहिजे. ती वळली नाही, तर सर्वांत सुंदर वास्तूही केवळ कुळाचा अहंकार ठरते. ओकॉनेल यांचे खरे स्मारक दफनभूमीचे ते सर्वांना खुले असलेले द्वार होय, मनोरा ही त्याची खूण.

दोन नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवितो, मेणबत्त्या लावतो. त्या वेळी ज्या कबरीपाशी कोणीच उभे नाही, तिच्यापाशीही एक मेणबत्ती लावावी, एक प्रार्थना म्हणावी. त्याच प्रार्थनेसाठी एके काळी कोणाला तरी झगडावे लागले होते.